कोऱ्या जागेचा खिळा

फोंड्याकडच्या देवळांत उत्सवाला नाटक ठरलं की पत्रिका निघते. डावीकडे पात्र, उजवीकडे कलाकार, मध्ये टिंबांची ओळ. लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत ती जुळवताना स्पेसबार वीस वेळा दाबला तरी छापून येते एकच जागा. नवशिक्याला हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याची मुळं शिशाच्या टायपात आहेत.

गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत कोरी जागाही धातूचीच असे: अक्षराहून बुटका, शाई न लागणारा तुकडा. त्यातला चौकोनी तो क्वाड. 12 पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतलं माप) टायपात तो 12 पॉइंट रुंद, आणि ही रुंदी म्हणजे एक एम. लाटेकची ‘क्वाड’ ही आज्ञा आजही एक एमच जागा सोडते. म्हणून अंतर सेंटिमीटरपेक्षा एममध्ये द्यावं. टाइप मोठा केला की तेही वाढतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, फोटो-टाइपसेटिंगने (शिशाऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवून) निघालेली प्रुफं पाहवली नाहीत. 1977 मध्ये ते स्वतःच टेक, म्हणजे लाटेकच्या पायाशी असलेली प्रणाली, रचायला बसले. खिळे जुळवणारा जुळारी ओळ दोन्ही कडांना भिडवायला शब्दांमध्ये पातळ पट्ट्या सरकवायचा. क्नूथनी त्या पट्टीच्या जागी ‘ग्लू’, म्हणजे डिंक, आणला. त्याला तीन मापं: मूळ रुंदी, किती ताणायचं, किती आकसायचं. (डिंक कुठला ताणला जातो? नाव स्प्रिंग असायला हवं होतं, आणि हे क्नूथनाही मान्य होतं.) स्पेसबारची जागा म्हणजे असाच ग्लू. तिची रुंदी ओळ ठरवते, आपण नाही. आणि सलग दाबलेल्या कितीही जागा टेक वाचतानाच एक धरतं, म्हणून वीस दाबा की एक, फरक नाही.

ओळ जिथे तुटते तिथला ग्लू टेक टाकून देतं, नाहीतर कडा वाकड्या दिसल्या असत्या. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980च्या दशकात टेकवर लाटेक उभारलं, तेव्हा त्यांच्या ‘एचस्पेस’ला, म्हणजे आडवं अंतर सोडायच्या आज्ञेला, हाच नियम लागला. ओळ तोडून पुढच्या ओळीच्या तोंडाशी दिलेलं अंतर त्यामुळेच गायब होतं. ते टिकवायचं तर आज्ञेला तारांकन जोडावं लागतं. कित्येकांची रात्र या एका चांदणीपायी गेली असेल.

पत्रिकेला मात्र मोजमापच नको. ‘डॉटफिल’ म्हणजे लागेल तितका ताणला जाणारा, टिंबांनी भरलेला ग्लू. पात्र दूत असो की धृतराष्ट्र, कलाकारांची नावं उजव्या कडेला बरोबर टेकतात.