आपत्ती व्यवस्थापन व पर्यावरण संवर्धन विषयात पीएच.डी. आणि अध्यापन : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली. या एका घटनेवर संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी उताराच्या स्थैर्याचा अभ्यास करणार असेल तर तो भूशास्त्र विभागात जाईल, जमिनीच्या वापरातील बदल तपासणार असेल तर भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र विभागात, आणि पुनर्वसनाचा मागोवा घेणार असेल तर समाजकार्य किंवा समाजशास्त्र विभागात. विषय एकच, पण अर्जाचे दरवाजे पाच. या क्षेत्रातील बहुतेक अर्ज गुणांपेक्षा याच ठिकाणी अडखळतात, असे माझे मत आहे. म्हणून पात्रतेच्या टक्केवारीकडे वळण्यापूर्वी आपली पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्याशाखेत मोडते, हे उमेदवाराने निश्चित करून घ्यावे.

विद्यापीठाच्या जाहिरातीत प्रत्येक विषयापुढे ‘संबंधित’ किंवा ‘संलग्न’ पदव्यांची यादी दिलेली असते. आपल्या पदवीचे नाव त्या यादीत शब्दशः नसेल, तर अर्ज भरण्याआधीच विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. तोंडी होकार छाननीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पीएच.डी. प्रवेशाची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमावलीने ठरते. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, अथवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह असावी लागते. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर शिक्षणाशिवायही थेट अर्ज करता येतो, मात्र त्यांना किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत गटात (क्रीमीलेअरमध्ये) न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. आपत्ती व्यवस्थापन कक्षात, वन विभागात किंवा महसूल खात्यात काम करणारे अनेक जण या मार्गाने येतात. त्यांनी कार्यालयाचा नेहमीचा दोन ओळींचा नमुना न वापरता या तीनही बाबींचा उल्लेख करून घ्यावा.

प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, हा आता मुख्य मार्ग झाला आहे. आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे या परीक्षेतून उमेदवार तीन गटांत पात्र ठरतात : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती व सहायक प्राध्यापकपद यांसाठी पात्र, अधिछात्रवृत्तीविना सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश यांसाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. पहिल्या गटातील उमेदवाराचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. अनेक विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात. तिच्यातील निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर व निम्मे विषयावर असतात आणि खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के गुण लागतात.

नेटचे दोन्ही पेपर एकाच तीन तासांच्या सत्रात होतात. पहिला १०० गुणांचा सामान्य पेपर असतो, दुसरा २०० गुणांचा विषयाचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पदव्युत्तर अभ्यासाच्या अंतिम वर्षाला असलेल्यांनाही परीक्षेला बसता येते. अधिछात्रवृत्तीसाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही. विषय निवडताना मात्र घाई करू नये. आपल्या पदव्युत्तर पदवीचा विषय त्या वर्षीच्या विषययादीत असेल तर तोच निवडावा लागतो. नसेल तर त्याला जवळचा विषय निवडता येतो. आंतरविद्याशाखीय पदवी असलेल्याने हा पर्याय वापरताना आपल्याला पुढे कोणत्या विभागात शिकवायचे आहे, याचा विचार आधी करावा, कारण भूगोलात नेट झालेल्या उमेदवाराला पर्यावरणशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करताना पुन्हा तोच समकक्षतेचा प्रश्न सोडवत बसावे लागते.

कागदपत्रांमध्ये गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, नेटचा निकाल, ओळखपत्र आणि छायाचित्र यांबाबत सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांबाबत. नेट ही केंद्रीय परीक्षा असल्याने तेथे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. महाराष्ट्रातील तहसील कार्यालयातून राज्याच्या सवलतींसाठी मिळालेले प्रमाणपत्र तेथे चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत. केंद्रीय अर्जात ते स्वतंत्रपणे नसतात, त्यामुळे आपली जात केंद्राच्या यादीत कोठे आहे हे पाहूनच रकाना भरावा. याउलट राज्यातील राखीव पदासाठी अर्ज करताना जात वैधता प्रमाणपत्र मागितले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत प्रत्येक अर्जासोबत ठेवावी. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि ओळखपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी छाननीत तो पकडला जातो.

मुलाखतीत संशोधन आराखडा मांडावा लागतो. या विषयातील आराखड्यात आकडेवारी कोठून मिळणार, हा भाग समितीला सर्वांत आधी पाहायचा असतो. पावसाची नोंद भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून, दरडींची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून, तर पंचनामे व मदतवाटपाची माहिती जिल्हा प्रशासनाकडून मिळवावी लागते आणि प्रत्येक ठिकाणची पद्धत निराळी आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी आवश्यक असते. ती मिळण्यास वेळ लागत असल्याने नोंदणी होताच अर्ज करावा, अन्यथा एखादा पावसाळा हातचा जातो. आपद्ग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यताही घ्यावी लागते.

मार्गदर्शक निवडतानाही नियम आडवे येतात. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. दुसऱ्या विभागातील किंवा संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा नियमावलीत आहे. या विषयात ती मुभा वापरली नाही तर प्रबंध एकांगी होतो.

नोंदणीनंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम किमान ५५ टक्के गुणांनी पूर्ण करावा लागतो आणि प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. एकूण कालावधी किमान ३ व कमाल ६ वर्षांचा असून पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवून मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला विद्यार्थिनींना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो.

या काळातील खर्चाचे म्हणावे तर आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्यांसाठी महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या वेळी निघतात आणि पीएच.डी. नोंदणीचे पत्र हे त्यांचे मुख्य कागदपत्र असते. एकाच काळासाठी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत.

सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२३ पासून नेट, सेट (राज्य पात्रता परीक्षा) किंवा तत्सम पात्रता हा किमान निकष आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिला वयोमर्यादा नाही, पण तिच्यातून अधिछात्रवृत्ती मिळत नाही. ‘ऐच्छिक’ या शब्दावर फार विसंबू नये, कारण आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील पदासाठी मुलाखतीला बोलावण्याची यादी करताना पीएच.डी.ला ३० गुण दिले आहेत, तर अधिछात्रवृत्तीसह नेटला ७, नुसत्या नेटला ५ आणि सेटला ३. या पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी., ८ वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव आणि ७ शोधनिबंध लागतात. प्राध्यापकपदासाठी १० वर्षे आणि १० शोधनिबंध. हा अनुभव मोजताना पीएच.डी. करण्यात गेलेला काळ धरला जात नाही. अपवाद एवढाच की, कोणतीही रजा न घेता, अध्यापन करत असतानाच संशोधन केले असेल तर तो काळ अनुभवात मोजला जातो. त्यामुळे नोकरीत राहून पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या सेवापुस्तकातील रजेच्या नोंदींची साक्षांकित प्रत वेळेवर काढून ठेवावी. पुढच्या अर्जासोबत अनुभव प्रमाणपत्राला तीच जोडावी लागेल.