नैतिक सापेक्षतावाद आणि सहिष्णुता

चांगले-वाईट, न्याय्य-अन्याय्य ठरवण्याचे सर्वांना आणि सर्वकाळ लागू पडणारे निकष नाहीत, ते त्या त्या समाजाच्या किंवा काळाच्या चौकटीतच खरे असतात, असे मानणाऱ्या भूमिकेस नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. राजकीय वादांत तिचा आधार वारंवार घेतला जातो : कोणाचेच मत अंतिम सत्य नाही, तेव्हा संताप आणणारी मतेही खपवून घेतली पाहिजेत. हा युक्तिवाद उदार दिसतो, पण तर्काच्या कसोटीवर टिकत नाही.

विचार जुना आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. इराणचा सम्राट दरायस याने दरबारातील ग्रीकांना विचारले, काय घेऊन तुम्ही मेलेल्या बापाचे मांस खाल? ते म्हणाले, काहीही मिळाले तरी नाही. मग मृत आईबापांचे मांस खाण्याची रीत असलेल्या एका भारतीय जमातीला त्याने विचारले, काय घेऊन तुम्ही त्यांना जाळाल? असे अभद्र बोलू नका, म्हणून ते ओरडले. रूढी हीच सर्वांवर राज्य करते, असा निष्कर्ष हिरॉडोटस काढतो.

विसाव्या शतकात मानवशास्त्रज्ञांनी या विचाराला बळ दिले. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना 1947 मध्ये अमेरिकन मानवशास्त्रीय संघटनेने, मुख्यतः मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी लिहिलेले, निवेदन दिले : पाश्चात्त्यांची मूल्ये साऱ्या मानवजातीवर लादू नका. वसाहतवाद्यांचा अहंकार पाहता हा इशारा रास्तच होता. पण नाझी राजवटीचा निषेध मग कोणत्या आधारावर करायचा, या प्रश्नाने तो अडचणीत आला.

मुख्य तार्किक दोष ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1972 मध्ये नेमका दाखवला. ‘योग्य’ म्हणजे ‘त्या समाजापुरते योग्य’, हे पहिले विधान. म्हणून इतरांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करणे अयोग्य, हे दुसरे. दुसऱ्यातला ‘अयोग्य’ मात्र सर्व समाजांना लागू धरलेला असतो, म्हणजे पहिल्या विधानानेच तो बाद ठरतो. असहिष्णुता हीच ज्या समाजाची रीत आहे, त्याला सापेक्षतावादी काय सांगणार?

सहिष्णुतेचा खरा पाया वेगळा आहे आणि तो अमेरिकेतील स्कोकी खटल्यात स्पष्ट दिसतो. शिकागोजवळच्या या गावात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि छळछावण्यांतून वाचलेले हजारो लोक तिथे राहत होते. 1977 मध्ये फ्रँक कॉलिनच्या नाझी गटाने गणवेश घालून आणि स्वस्तिकाचे चिन्ह मिरवत गावच्या कार्यालयासमोर अर्धा तास निदर्शने करायचे जाहीर केले. निदर्शक तीस ते पन्नास. गावाने न्यायालयातून मनाई मिळवली. कॉलिनच्या वतीने अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघटना उभी राहिली. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू होते, आणि कार्यकारी संचालक आर्ये नायर हे तर बालपणीच बर्लिनहून परागंदा झालेले. संघटनेच्या हजारो सभासदांनी राजीनामे दिले. जून 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाईवर तातडीने फेरविचार करायला लावले, आणि 1978 च्या जानेवारीत इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चिन्हासह निदर्शनाचा हक्क मान्य केला. स्कोकीत निदर्शने झालीच नाहीत. कॉलिनने अखेर शिकागोत सभा घेतली. गोल्डबर्गर, नायर यांच्यापैकी कोणीही ‘नाझींचेही एका अर्थी बरोबर’ असे म्हणत नव्हते. ते मत नीच आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सरकारला मते निवडायचा अधिकार दिला तर तो उद्या कोणावरही उलटेल, ही त्यांची धास्ती होती.

मर्यादा कुठे घालायची यावर लोकशाही देशांत एकमत नाही. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी 1945 मध्ये मांडलेल्या विरोधाभासानुसार अमर्याद सहिष्णुता शेवटी सहिष्णुतेलाच गिळते. तरीही युक्तिवादाने आणि लोकमताने आवर घालता येतो तोवर असहिष्णू मतांवर बंदी नको, हे त्यांचे पुढचे वाक्य सहसा विसरले जाते. पश्चिम जर्मनीने 1952 मध्ये नवनाझी सोशलिस्ट राइश पक्षावर बंदी घातली. भारतीय संविधानाचे कलम 19(2) सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता इत्यादी कारणांसाठी वाजवी निर्बंधांस मुभा देते.

मराठी मुलखाने हा वाद फार जवळून पाहिला आहे. मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय 10 वरून 12 वर नेणाऱ्या 1891 च्या कायद्याच्या वेळी, आमच्या रूढींचा न्याय परक्यांच्या निकषांनी करू नये, असे सनातनी पक्षाचे म्हणणे होते. टिळकांचा विरोध मुख्यतः परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता. आगरकरांनी मात्र मुलीच्या यातनांना देशीपरदेशी भेद लावला नाही. सुधारक पत्रातल्या त्यांच्या मतांनी लोक इतके खवळले, की ते हयात असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. ‘आक्षेपार्ह मत’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे द्वेष पसरवणाराच येतो. त्या काळच्या पुण्यात ते बिरुद आगरकरांना लागले होते. 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी लिहिणे सोडले नाही.