पपई, मावा आणि विषाणूचेच जनुक

पपईच्या देठावर तेल लागल्यासारखे गडद हिरवे पट्टे दिसले की बागायतदाराने काय ते ओळखावे. पुढे शेंड्याची पाने पिवळी-चितकबरी होतात, फळांवर वर्तुळे उमटतात, झाड खुंटते. हा रिंगस्पॉट विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते, पण फवारणी करून भागत नाही. सोंड टोचून विषाणू पोचवायला माव्याला काही सेकंद पुरतात. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. रोगट झाड उपटणे एवढेच हातात उरते.

हवाईतल्या ओआहू बेटावर हा रोग १९४०च्या दशकात आढळला. १९५०च्या दशकात तिथल्या बागा बसल्या आणि लागवड हवाईतल्याच सर्वांत मोठ्या बेटावरच्या पुना भागात हलली. तिथे रोग नव्हता. पण साधारण ३० किलोमीटरवरच्या हिलोत तो होताच. तो कधीतरी पुनात येणार, हे हवाईतच जन्मलेले, कॉर्नेल विद्यापीठातले शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस यांनी धरूनच ठेवले होते. पुनातल्या बागा हिरव्यागार असतानाच त्यांनी काम सुरू केले. या सगळ्या कहाणीतली मोलाची गोष्ट मला तरी हीच वाटते.

पहिला प्रयत्न लसीसारखा होता: सौम्य केलेला विषाणू रोपाला आधीच टोचायचा. पण रोप न् रोप टोचावे लागे आणि सौम्य विषाणूही फळावर डाग सोडी. मग १९८६ मध्ये रॉजर बीची या शास्त्रज्ञाने व सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडात मोझॅक विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे (विषाणूचे बाहेरचे कवच बनवणाऱ्या प्रथिनाचे) जनुक घातले आणि त्या झाडांनी रोगाला दाद दिली नाही. तोच मार्ग पपईसाठी धरला गेला: रिंगस्पॉट विषाणूचेच असे जनुक पपईत घालायचे. जनुक पेशीत घुसवायला कॉर्नेलमध्येच तयार झालेली ‘जीन गन’ कामी आली: टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए चढवायचा आणि कण पेशींवर झाडायचे. या यंत्राच्या सुरुवातीच्या रूपात खरोखरच बंदुकीची दारू वापरली जाई!

त्यातून निघालेल्या ‘५५-१’ या वाणाची शेतातली चाचणी एप्रिल १९९२ मध्ये ओआहूवर सुरू झाली. पुढच्याच महिन्यात पुनात विषाणू सापडला. १९९२ मध्ये सुमारे ५.३ कोटी पौंड असलेले तिथले उत्पादन १९९८ मध्ये निम्म्यावर आले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘५५-१’पासून तयार केलेल्या ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ या वाणांचे बी शेतकऱ्यांना फुकट वाटले गेले.

गंमत म्हणजे हे झाड वाचते कसे, याचा सुरुवातीचा अंदाज चुकीचा होता. प्रथिन विषाणूच्या आड येते असे वाटले होते. प्रत्यक्षात झाड त्या जनुकाशी जुळणारा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, ओळखून तोडून टाकते. म्हणूनच दुसऱ्या देशातला, जरा वेगळा विषाणू आला की ‘रेनबो’ बळी पडू शकतो. युरोपातल्या ‘शार्का’ या विषाणूजन्य रोगाला दाद न देणारा ‘हनीस्वीट’ आलुबुखारही याच तत्त्वावर उभा आहे.

जनुकबदल केलेली पपई डिसेंबर २०११ पर्यंत जपानला चालत नव्हती. त्या बाजारासाठी शेतकरी जुनी ‘कापोहो’ पपईच लावत राहिले. आजूबाजूच्या ‘रेनबो’च्या बागांमुळे परिसरातला विषाणू घटला होता, म्हणून तीही तगली.