साथीचा चढउतार

एखाद्या वस्तीत संसर्गजन्य रोगाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले, की साथ आली असे म्हणतात. प्रत्यक्षात ती बरीच आधी आलेली असते. लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंतच्या मधल्या दिवसांना अधिशयन काळ म्हणतात, आणि साथ समजून घ्यायची तर आधी तोच पाहावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्याने हे २०१२ साली इचलकरंजीच्या काविळीत सोसले. हेपॅटायटिस ई हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातो आणि डोळे पिवळे व्हायला २ ते १० आठवडे घेतो. आज दवाखान्यात आलेला रुग्ण महिना-सव्वा महिन्यापूर्वी प्यायलेल्या पाण्यामुळे आजारी असतो. दिवसाआड पाणी सुटते तिथे धोका अधिक. पाणी चालू असताना फुटक्या पाइपातून ते बाहेर गळते. चावी बंद झाली की दाब उतरतो आणि नळजोडणी गटारातून गेली असेल, तर त्याच भोकातून घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी घागरीत पहिल्यांदा पडते ते हेच पाणी. गळती काढल्यावरही काही आठवडे नवे रुग्ण येतच राहतात. ‘दुरुस्ती करून काय उपयोग झाला?’ असे लोक तेव्हा विचारतात. त्यांचा संताप खरा असला तरी ही लागण दुरुस्तीआधीची असते. या दिवसांत गरोदर बायकांना सर्वांत जपावे लागते. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाची चाल वेगळी. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. पुढे लागण होण्याजोगी माणसे कमी होत जातात. एका रुग्णामागे सरासरी एकच नवा रुग्ण उरला की साथ शिगेला पोचते. उतार लागला तरी लागण थांबलेली नसते, हे विसरल्याने फार नुकसान होते. हे गणित कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये मांडले व १९०५-०६ च्या मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिले.

जिल्ह्याचा रुग्णसंख्येचा आलेख ही गावोगावच्या आलेखांची बेरीज असते; एका गावात साथ उतरत असताना दुसऱ्या गावात ती चढत असू शकते. राज्यात इतरत्र कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, जून २०२१ मध्येही कोल्हापुरात रुग्ण म्हणावे तसे कमी होत नव्हते.

पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसही (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) असाच मागाहून येतो, बहुधा ५ ते १४ दिवसांनी. नळाच्या पाण्यातून येणारी कावीळ तर त्याहून उशिरा दिसते. म्हणून पंचगंगेचे पाणी उतरले की रुग्णांची वाट न पाहता ओटी टेस्ट, म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीनची तपासणी, करावी, तीही टाकीजवळ नव्हे तर लाइनीच्या शेवटच्या घरी. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर त्या घरापर्यंत क्लोरीन पोचलेलेच नाही.