खुलासा: गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘शून्य’ होते का?

‘दिवस गेले की अंगातली प्रतिकारशक्ती संपते,’ हे घरोघरी ऐकू येतं. याला एक शास्त्रीय आधारही चिकटलाय. १९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी प्रश्न मांडला: निम्मं बाळ बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला परकं, मग ते टिकतं कसं? त्यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक होती आईची संरक्षणयंत्रणा मंदावण्याची. तेवढीच लोकांच्या डोक्यात बसली.

प्रत्यक्षात यंत्रणा मंदावत नाही, तिची मांडणी बदलते. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी उलट वाढतात. म्हणूनच गरोदर बाईच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी बारा-तेरा हजार दिसल्या, की घरचे उगाच हबकतात. धनुर्वाताची लस याच काळात देतात आणि ती छान लागू पडते. तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंतही पोचतात. शून्य शक्तीला हे जमलं असतं?

मग लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत सहज का चढतो? कारण बरंचसं नळांचं आहे. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनने मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, उजवीकडे जास्त. लघवी तुंबते, जंतूंना वेळ मिळतो. त्रास नसतानाही डॉक्टर लघवीचं कल्चर (जंतू आहेत का याची तपासणी) सांगतात ते यासाठीच, टाळू नका.

लिस्टेरियाचा धोका मात्र खराच वाढतो. कच्च्या दुधातून येऊ शकणारा हा जंतू पेशींच्या आत लपतो आणि वारेपर्यंत पोचतो. त्यामुळे कच्चं दूध नकोच, कितीही ‘ताजं, घरच्या गाईचं’ असलं तरी.