मोटारगाडीचे वेग घेताना अडखळणे : निदान

एक्सलेटर दाबल्यावर इंजिनाने लगेच जोर न धरता क्षणभर थबकणे किंवा झटके देत वेग घेणे, या दोषाला गॅरेजमध्ये ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. ठिणगी चुकत असेल तर ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हटले जाते. हा स्वतंत्र बिघाड नसून बहुधा हवा, इंधन आणि ठिणगी यांचा मेळ सुटल्याचे लक्षण असते. म्हणून इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, पेडल नुकतेच दाबताना की चढावर पूर्ण दाबलेले असताना अडखळण येते, हे आधी ठरवावे लागते. इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, अशी तक्रार असेल तर दोष इंजिनात नसून बहुतेक वेळा क्लच प्लेट घसरत असते. एएमटी (आपोआप क्लच दाबून गियर बदलणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत गियर बदलताना जाणवणारा खंड हा त्या रचनेचाच भाग असतो.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडताच हवा तत्काळ आत शिरते, आणि त्या क्षणी इंधन तितक्याच त्वरेने वाढले नाही तर मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळते. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणाऱ्या जुन्या रचनेच्या) गाड्यांत ही उणीव एक छोटा पंप भरून काढत असे. इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटलची स्थिती आणि हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरांच्या आधारे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे काम करतो. त्यामुळे मळलेला हवामापक सेन्सर किंवा ठरावीक जागी खंडित संकेत देणारा थ्रॉटल सेन्सर हे या दोषाचे नेहमीचे उगम आहेत.

भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतः दोष ओळखून त्याचा कोड नोंदवणारी प्रणाली बंधनकारक झाल्याने तपासणी ते कोड वाचणाऱ्या स्कॅनरपासून सुरू होते, परंतु कोड हा निदानाचा शेवट मानणे चुकीचे आहे. पी०१७१ हा कोड मिश्रण विरळ आहे एवढेच सांगतो. तो पाहून एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजून ही खबर देणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे अनेकदा खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच हटवणे होय. त्यापेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा घट करत आहे तो आकडा, अधिक बोलका असतो. साधारणपणे तो शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत असावा. हवामापक सेन्सर असलेल्या इंजिनात हा आकडा आयडलला (पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना) बराच वर असून मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर खाली येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम नळीतून न मोजलेली हवा आत येत असते. उलट भार वाढेल तसा आकडाही वाढत असेल, तर इंधन कमी पडत आहे किंवा सेन्सर हवा कमी मोजत आहे, आणि या दोहोंतील निवाडा इंधनाचा दाब मोजूनच होतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये (सिलिंडरच्या तोंडाशी इंधन फवारणाऱ्या रचनेत) तो सामान्यतः ३ ते ४ बार असतो. आयडलला तो ठीक दिसूनही चढावर कोसळू शकतो, म्हणून तो गाडी चालवतानाच मोजावा. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या लहान गाड्यांत मात्र अशी गळती विरळ मिश्रणापेक्षा चढलेल्या आयडलच्या रूपाने दिसते, त्यामुळे वरचा नियम तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भागच हवा लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या गाडीत कोणताही बिघाड नसतानाही ट्रिम वर सरकलेली आढळते.

ट्रिम ठीक असूनही भाराखाली झटके येत असतील, तर संशय ठिणगीवर जातो. सिलिंडरमधील दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यास अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा त्याला उच्च व्होल्टेज पुरवणारी अशक्त कॉइल आयडलला निभावून नेते आणि चढावर उघडी पडते. सीएनजीला पेट्रोलहून अधिक व्होल्टेज लागत असल्याने मुंबई-पुण्यातील गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हा दोष आधी सीएनजीवर जाणवतो आणि पेट्रोलवर लपतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. पी०३०१ (पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकल्याचा कोड) जाऊन पी०३०३ (तिसऱ्याचा) आला, तर काहीही विकत न घेता दोष कॉइलचाच असल्याचे सिद्ध होते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नये, कारण न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये पेटून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळू शकतो, आणि असा तुंबलेला कन्व्हर्टर पुढे स्वतःच गाडीचा जोर दाबतो.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्न नसतो. तेथे पाणी साचलेला डिझेल फिल्टर, काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोची सुटलेली नळी आणि, बीएस-६ (प्रदूषण मानक) गाड्यांत, काजळीने भरलेला डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) याच क्रमाने तपासणे सोयीचे ठरते.