ध्येयपत्र, वैयक्तिक

आपण कशासाठी जगतो, कोणती मूल्ये मोडणार नाही आणि आपल्या माणसांशी कसे वागू इच्छितो, हे व्यक्तीने स्वतःपुरते लिहून ठेवलेले छोटे निवेदन. उद्दिष्टांच्या यादीहून ते वेगळे असते. पाच वर्षांत घर घेणे हे उद्दिष्ट झाले. घर घेतले की ते संपते. ‘प्रतिष्ठेसाठी कर्ज काढणार नाही’ हे मात्र ध्येयपत्रातले वाक्य असून त्याची गरज घर घेतानाही पडते आणि घेतल्यानंतरही.

या पद्धतीचा आजचा प्रसार मुख्यतः अमेरिकी लेखक स्टीफन कव्ही यांच्या १९८९ सालच्या लेखनामुळे झाला. आपल्या अंत्यविधीला जमलेले आप्त आणि सहकारी आपल्याविषयी काय बोलतील, किंबहुना त्यांनी काय बोलावे, याची कल्पना करून लेखनाला बसावे, अशी त्यांची सूचना होती. आरंभीच अशुभाचा उच्चार नको म्हणणाऱ्या मराठी घरांत ती सहज पचणारी नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच १३ सद्गुणांची यादी करून त्यांतील चुका रोज वहीत टिपण्याचा परिपाठ ठेवला होता, पण तो दिशा ठरवण्यापेक्षा आत्मपरीक्षणाकडे अधिक झुकतो. आपल्याकडे पूजेच्या आरंभी देश, काल, नाव, गोत्र आणि हेतू उच्चारून संकल्प सोडतात. तो एका कर्मापुरता असतो आणि कर्माबरोबर पूर्ण होतो.

आयुष्याला दिशा देणाऱ्या निश्चयाची दोन ठळक उदाहरणे बडोद्यात सापडतात. महाविद्यालयात शिकणारे विनोबा भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, पण वाटेत सुरतेला उतरून काशीकडे वळले. पुढच्याच वर्षी, सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, म्हणून ते कमाटीबागेत बसून राहिले. तेथे त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वाहण्याचा निश्चय केला अशी अनुयायांची श्रद्धा आहे, आणि २३ सप्टेंबरला ते त्या जागी, म्हणजे ‘संकल्पभूमी’ या स्मारकस्थळी, जमतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीत मात्र त्या तासांतील सुन्नपणा आणि दुःख यांचाच उल्लेख येतो. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांनी संस्थानची दहा वर्षे सेवा करायची होती. तो लेखी करार प्रत्यक्षात उतरला नाही. निश्चय कागदावर असलाच पाहिजे, हा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा आग्रह म्हणूनच थोडा सैल धरावा लागतो.

कागदाचा उपयोग सामान्य माणसाला अधिक होतो, कारण त्याच्या आयुष्यात असे निर्णायक प्रसंग क्वचितच येतात. येतात त्या रोजच्या लहान तडजोडी. बडोद्याच्या रावपुऱ्यात वृद्ध आईवडिलांसह राहणाऱ्या बँक-कर्मचाऱ्यास दूरच्या शहरात बढती मिळाली, तर ‘कुटुंबाला महत्त्व देईन’ हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही, कारण वाढलेला पगारही कुटुंबासाठीच असतो. ‘आईवडील आहेत तोवर त्यांच्यापासून एका रात्रीच्या प्रवासापलीकडे राहणार नाही’ या वाक्याने नकाराची सीमा आखली जाते. ज्या वाक्यामुळे कधीच काही सोडावे लागत नाही, ते खोडलेले बरे. मजकूर एका पानात मावावा, भाषा घरात बोलतो तीच असावी, आणि लग्न, अपत्य, निवृत्ती अशा वळणांवर तो पुन्हा लिहावा.

या पद्धतीवरचा गंभीर आक्षेप असा, की ती एकट्या व्यक्तीला आपल्या आयुष्याचा पूर्ण अधिकारी मानते. एकत्र कुटुंबात नोकरी, लग्न, गाव यांचे निर्णय अनेकांच्या संमतीने होतात, आणि सुनेने लिहिलेल्या ध्येयपत्राला सासरी किती जागा मिळेल हे लेखनकौशल्यावर अवलंबून नसते. कव्ही यांनी पुढे कुटुंबाने मिळून लिहायच्या ध्येयपत्राचाही पुरस्कार केला. त्यात लेखणी कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न तरीही उरतोच.